चार बोटं उघडी काच

मे महिन्यातली दुपार होती. मांजरसुंब्याच्या अलीकडं हायवेला लागून एक रसवंती आहे, तिथं लिंबाच्या सावलीत एक पांढरी गाडी येऊन थांबली. इंजिन चालू, एसी चालू, आणि मागची डाव्या बाजूची काच चार बोटं उघडी. त्या फटीत आतल्या बाजूनं खोक्याचा पुठ्ठा दाबून बसवलेला, आणि पुठ्ठ्याला टेकून एक म्हातारी बाई डोक्यावरचा पदर कानापर्यंत ओढून बसलेली. बाहेरची झळ त्या चार बोटांतून सरळ तिच्या गालावर येत होती. मुलगा पुढं बसल्या बसल्या खटका दाबत होता. दाबला की दरवाजातून दमल्यासारखा हुंकार यायचा, काच करंगळीभर वर चढायची, जराशी तिरकी व्हायची आणि थांबायची. रसवाल्यानं विचारलं, "काच कामून येईना?" तर तो म्हणाला, "दाबायलोय की! पंधरा दिवस झाले नवी मोटर टाकून. परत तेच."

पाच-सहा वेळा दाबल्यावर हुंकारही बंद झाला. खटक्याची टक तेवढी ऐकू येत राहिली. "जळाली परत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, हरल्यासारखं होतं काहीतरी. आईनं पुठ्ठा सरळ केला. "राहू दे बापू, जाऊ तसंच," एवढंच ती म्हणाली. रसाचे पेले रिकामे झाले, गाडी निघून गेली. त्या पंधरा मिनिटांत त्या दरवाजानं जे काही सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. खटका दाबला की एसीच्या पंख्याचा आवाज क्षणभर बसत होता. काचेवर वरून खालपर्यंत बारीक उभे ओरखडे होते. काचेच्या कडेला जुन्या फिल्मच्या गोंदाची पिवळी पट्टी राहिली होती. आणि शेवटी आवाज बंद झाला तेव्हा पंख्याचं बसणंही बंद झालं होतं.

मोटर जळाली नव्हती.

'मोटर जळाली' हे शब्द आपल्याकडं फार लवकर तोंडात येतात, आणि ते कुठून आले ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर खरंच जळते. रात्रीची लाईट, कमी व्होल्टेज, एखादी फेज गेलेली, पंप नुसता घुमतोय आणि सकाळपर्यंत वाइंडिंगचा करपट वास सगळ्या शेतभर. मग ती मोटर काढा, गाडीत घाला, तालुक्याला न्या, भरून आणा. तीन पिढ्यांनी हे केलंय. त्यामुळं थांबलेली मोटर म्हणजे जळलेली मोटर, हे समीकरण अंगात भिनलंय. गाडीच्या दरवाजातली मोटर मात्र वेगळ्या जातीची असते. ती 12 व्होल्टची, मुठीएवढी, आत कायमचं लोहचुंबक असलेली. तिला दोनच वायरी. एकीला प्लस, दुसरीला मायनस दिला की काच वर, उलट दिलं की खाली. तिच्या पोटात बहुतेक वेळा एक संरक्षण बसवलेलं असतं. काच अडली आणि मोटर तापली की ते तिचा प्रवाह तोडतं आणि निवली की परत जोडतं. उन्हात उभ्या गाडीच्या दरवाजाचा पत्रा मेमध्ये हात लावू देत नाही. म्हणजे मोटर चालायच्या आधीच अर्धी तापलेली. चार-पाच वेळा जोर लावला की ती गप्प होणारच. दहा-पंधरा मिनिटं खटक्याला हात लावला नाही तर ती परत बोलू लागते. खरंच जळलेली मोटर दुसऱ्या दिवशी थंड सकाळी चालत नाही. नुसती तापून थांबलेली चालते. फरक ओळखायची इतकी सोपी खूण आहे, पण ती ओळखायला एक रात्र थांबावं लागतं आणि अडलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो.

दरवाजाच्या आत तसं फार काही नसतं. काच, तिला खालून धरणारी मशीन, मशीनला फिरवणारी मोटर, आणि दोन्ही बाजूंना काच ज्यातून सरकते ते रबराचं चॅनल. गॅरेजवाले ज्याला मशीन म्हणतात ती दोन प्रकारची: जुन्या गाड्यांत बहुधा कैचीची, हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तारेची. तारेच्या मशीनमध्ये पोलादी तार एका ड्रमवर गुंडाळते आणि उलगडते, प्लास्टिकचा एक सरक्या रुळावरून वर-खाली जातो, काच त्या सरक्याला बोल्टनं बांधलेली असते. मोटरच्या टोकाला वर्म गिअर असतो, स्क्रूसारखे आटे असलेला. मोटर त्या आट्यांनी चाक फिरवू शकते, पण चाकाकडून जोर लावला तर आटे फिरत नाहीत. म्हणून बंद काच बाहेरून हातानं खाली ढकलता येत नाही, कुलूप न लावताही. इतका साधा, इतका हुशार जोड आहे तो.

काळीपिवळीच्या दिवसांत यातलं काहीच नव्हतं. हँडल फिरवायचं, काच वर. बहुतेक गाड्यांत तर हँडलही जाग्यावर नसायचं. चार दरवाजांना मिळून एक, ते ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर पडलेलं, लागेल त्यानं मागून घ्यायचं. नसलं तर पक्कड. बारा माणसं कोंबलेल्या त्या जीपमध्ये धुळीचा लोट समोरून आला की "काच घ्या वर, काच घ्या" असा गलका व्हायचा आणि हँडल हातोहात मागं जायचं. त्या हँडलमध्ये एक गोष्ट होती जी खटक्यात नाही. फिरवताना हाताला कळायचं. रबर कोरडं पडलं, आत खडा अडकला, काच एका बाजूला झुकली, हे सगळं मनगटाला आधी कळायचं. जड लागली की माणूस थांबायचा, काच थोडी खाली घ्यायचा, हातानं सरळ करून परत फिरवायचा. खटक्याला हे काही कळत नाही. तो फक्त दाबला जातो. जोर मोटरला लावावा लागतो आणि ती जड झाल्याची बातमी आपल्यापर्यंत पोचते ती काच थांबल्यावर. मधली तीन-चार वर्षं ती रोज थोडी जास्त झिजत असते.

आणि आपल्याकडची धूळ साधी नाही. काळ्या रानाची माती ओली झाली की फुगते, वाळली की दगड होते. भेगा पडलेलं रान उन्हाळ्यात ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगायला नको. तीच माती उडून काचेच्या रबरात बसते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर भुशाचा पिवळट धुरळा. हिवाळ्यात परभणी-जालन्याकडं कापसाचे टेंपो, आणि त्यांच्या मागं उडणारी रुई. काचेच्या बुडाशी रबराच्या पट्टीला मखमलीसारखी लव असते, ती रुई तिला चिकटते आणि धूळ रुईला. मग ऊस, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, कच्च्या रस्त्याचा फुफाटा. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा चॅनलच्या तळाशी साचलेली ही सगळी माती भिजून फुगते आणि दोन दिवसांत वाळून घट्ट बसते. पावसाळ्याच्या तोंडावर काचा अडकायला लागतात त्याचं एक कारण हेच. त्यात गाडी धुणं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात गाडीवर पाणी ओतायला कुणाचा हात धजला असता? कोरड्या फडक्यानं पुसायची सवय तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासूनची. त्यात चूक कुणाची नाही. पण कोरडं फडकं काचेवरची धूळ खाली ढकलतं, आणि खाली म्हणजे रबरात.

तिथून पुढची साखळी एकदा नीट समजून घेतली की निम्मे खर्च वाचतात. काच मोकळी सरकत असेल तर मोटर साधारण 5 ते 8 अँपिअर प्रवाह ओढते. रबर कोरडं, मातीनं भरलेलं असेल तर हाच आकडा वाढत जातो, आणि काच पूर्ण अडली तर 15-20 च्या पुढं. साध्या गाड्यांत हा सगळा प्रवाह दारावरच्या त्या छोट्या खटक्यातूनच जातो. खटक्याच्या आत तांब्याचे इवलेसे टिकल्यासारखे संपर्क असतात. जास्त प्रवाहानं तिथं ठिणगी मोठी पडते, टिकल्या काळ्या होतात, काळ्या झाल्या की गरम होतात, गरम झाल्या की प्लास्टिक वितळतं. मग खटका बदलतात. महिना-दोन महिन्यांत नवाही जातो. मग फ्यूज उडायला लागतो आणि कुणीतरी 20 च्या जागी 30 चा बसवतं, किंवा चांदीचा कागद गुंडाळतं. हे कधीही करू नये. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरिंगसाठी असतो. तो मोठा केला की पुढच्या वेळी जळते ती दारातली वायर. दुखणं रबरात, औषध मोटरला, खटक्याला, फ्यूजला. त्या पांढऱ्या गाडीत नेमकं हेच झालं असणार. जुनी मोटरही बहुधा ठणठणीत असेल, आता कुठल्यातरी गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान लावायचा. गाडीतलं संगीत बंद, इंजिन चालू ठेवायचं, कारण इंजिन बंद असताना काचेच्या मोटरला बॅटरीचे 12.6 व्होल्ट मिळतात आणि चालू असताना 14 च्या आसपास. कमी व्होल्टेजला चांगली काचही आळसते. खटका दाबून ऐका. हुंकार येतोय, काच हलत नाही किंवा करंगळीभर हलते: काच अडली आहे. घर्रर्र किंवा कटकट असा मोकळा आवाज येतोय आणि काच जागची हलत नाही: मोटर फिरतेय, पण तार तुटली आहे किंवा तो प्लास्टिकचा सरक्या मोडला आहे. उन्हानं कडक झालेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. काच एकाएकी धाडकन दारात पडली तर तेच. आवाजच नाही: मग दिवा बघायचा. रात्री किंवा सावलीत आतला छताचा दिवा लावून खटका दाबा. दिवा किंचित मंद झाला तर प्रवाह मोटरपर्यंत जातोय, अडचण पुढं आहे. दिवा ढिम्म असेल तर प्रवाह वाटेत, नाहीतर मोटरच्या पोटातच, तुटलाय. दुपारी दिवा दिसत नाही, तेव्हा एसीच्या पंख्याचा आवाज ऐकायचा. तोही तसाच बसतो. एवढ्या एका परीक्षेनं निम्म्या शंका गळून पडतात. आणखी एक: काच चालत नसताना दाराच्या पॅडवर, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आवरणावर, मोटर असते तिथं, मूठ हलकेच आपटून खटका दाबला आणि काच चालली, तर मोटरच्या फिरत्या भागाला प्रवाह पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत. ही मोटर मात्र खरोखर आजारी. आज चालली म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

प्रवाह वाटेत तुटला असेल तर आधी सगळ्यात फुकटची गोष्ट. मागच्या काचा त्यांच्या स्वतःच्या खटक्यानं चालत नाहीत, पण ड्रायव्हरकडून चालतात, तर ड्रायव्हरच्या दारावरचं काचेचं लॉक बटण दाबलेलं आहे. लेकरांचा हात लागतो आणि मोठी माणसं गॅरेज गाठतात. चारही काचा एकदम गेल्या तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा डबीसारखा खटका) किंवा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर. एकच गेली तर त्या दाराचा खटका, वायर किंवा मोटर. खाली जाते पण वर येत नाही, असं असेल तर मोटरवर संशय घेण्याचं कारण फारसं उरत नाही. एका दिशेला जी मोटर चालते ती दुसऱ्या दिशेलाही चालते, खटक्याची एक टिकली काळी झालेली असते. एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. साध्या वायरिंगच्या पुष्कळ गाड्यांत डाव्या दाराच्या मोटरची वाट ड्रायव्हरच्या खटक्याच्या पाटीतून जाते. खटका सोडलेला असताना मोटरच्या दोन्ही वायरी तिथं अर्थला टेकलेल्या असतात, आणि दाबल्यावर त्यातली एक प्लसला जाते. म्हणजे ड्रायव्हरच्या पाटीत अर्थचा संपर्क गेला तर डाव्या दाराचा निर्दोष खटकाही मुका होतो. डावा खटका बदलून उपयोग नाही, दोष उजव्या दारात.

मग वायर. दार आणि गाडीच्या खांबामध्ये जी रबराची नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी जातात, आणि दार उघडताना-लावताना रोज वाकतात. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, आतलं तांबं तुटतं. दार अर्धं उघडलं की काच चालते, लावलं की बंद, अशी लहर दिसली तर सरळ ती नळी मागं सरकवा आणि एकेक वायर हलकी ओढून बघा. तुटलेली वायर रबरासारखी ताणते. जोड देताना तेवढ्याच जाडीची वायर थोडी जास्त लांबीची घ्यायची, सोल्डरचा डाग देऊन वरून आकसणारी नळी चढवायची, आणि जोड वाकण्याच्या जागेपासून दूर ठेवायचा. नुसता पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळली तर आपल्या उन्हात पट्टीचा गोंद पाघळतो आणि दोन उन्हाळ्यांत जोड उघडा पडतो. तपासताना मल्टिमीटरवर एकट्यावर विसंबू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण ती तार मोटर ओढू शकत नाही. मोटरच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावा. खटका दाबल्यावर तो झगझगीत पेटला तर वाट मोकळी, मिणमिणला तर कुठंतरी गळा दाबलाय. आणि मोटरची शेवटची परीक्षा म्हणजे कपलर काढून, मध्ये 20 अँपिअरचा फ्यूज घालून, बॅटरीवरून दोन वायरी सरळ तिला देणं. दोन्ही दिशांना फिरली तर तिचं नाव घ्यायचं नाही.

पॅड उघडायची वेळ आलीच तर घाई नडते. काच कुठल्या उंचीवर असावी ते आधी ठरवा, कारण तिचे बोल्ट आतल्या पत्र्याच्या भोकांसमोर आल्याशिवाय पाना लागत नाही. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. आतल्या कडीच्या वाटीमागं एक स्क्रू, आर्मरेस्टच्या झाकणाखाली एक-दोन, बहुतेक गाड्यांत आरशाच्या कोपऱ्यातलं तिकोनी प्लास्टिक वेगळं. मग खालच्या कडेपासून क्लिपा एकेक सोडवायच्या आणि पॅड वर उचलायचं, पुढं ओढायचं नाही. क्लिपा तुटतातच, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवाव्यात. आत एक पातळ प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला दिसेल. पुष्कळ गॅरेजांत तो फाडून फेकतात. कृपा करून फेकू देऊ नका. काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आतच उतरतं, बुडातल्या भोकांतून बाहेर जातं, आणि ते पॅडवर, खटक्यावर येऊ नये म्हणून तो पडदा असतो. काच सैल करण्याआधी तिला वर धरून दाराच्या चौकटीवरून आतून-बाहेरून रुंद कापडी टेप लावा, दोन ठिकाणी. 3-4 किलोची काच बोटावर पडते तेव्हा लहान वाटत नाही. कैचीची मशीन असेल तर मोटर सुटी करताना तिची स्प्रिंग कैचीच्या पट्ट्या झटक्यात फिरवते. कैचीत बोट असता कामा नये.

पण हे सगळं क्वचित लागतं, आणि मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते काम बिनपान्याचं आहे. काच पूर्ण खाली घ्या. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला जुन्या बनियनचं कापड एक पदर गुंडाळा, शांपूच्या पाण्यात भिजवून पिळा, आणि उभ्या चॅनलमधून वरून खाली फिरवा. पहिल्या फेरीला कापड काळं येतं, रानातून काढल्यासारखं. चार-पाच फेऱ्या, कापड बदलत, ते जवळपास स्वच्छ येईपर्यंत. वरची आडवी पट्टी विसरू नका. काचेच्या बुडाची लव असलेली पट्टी जुन्या दातांच्या ब्रशनं झाडा. एका दाराला तांब्याभर पाणी पुष्कळ. पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉनचा स्प्रे, त्याच्याबरोबर येणारी बारीक नळी लावून, चॅनलमध्ये थोडाथोडा. काच तीन-चार वेळा वर-खाली करा, काचेवर आलेला ओशट थर पुसून घ्या. इंजिन ऑईल नाही, ग्रीस नाही, रॉकेल नाही, घरातलं गोडेतेल नाही. खनिज तेलानं रबर फुगतं, आणि कुठल्याही तेलावर आपली माती बसली की तिचा लगदा होतो. आठ दिवस काच लोण्यासारखी पळते आणि महिन्यानं पहिल्यापेक्षा घट्ट बसते. ग्रीसची जागा आत आहे, मशीनच्या रुळावर, तीही पांढरी लिथियमची, पातळ थर. वर्षातून दोनदा, मळणीचा हंगाम संपल्यावर आणि मृगाच्या आधी, एवढं केलं तर काच तीन-चार सेकंदांत बिनआवाज वर जाते. दोन्ही पुढच्या काचांची घड्याळ लावून तुलना करा. एक चारला आणि दुसरी आठला येत असेल तर आठवालीनं दुखणं सांगायला सुरुवात केली आहे.

रबरावरच्या गोंदाचीही गोष्ट आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, आणि लोकांनी त्या घाईघाईनं उन्हात ओढून काढल्या. आजही जुनी गाडी घेतल्यावर कुणी काढतो. फिल्म निघते, गोंद कडेला राहतो, नेमका काच जिथं चॅनलमध्ये बसते तिथं. त्याला कोमट साबणपाण्यात भिजवून, प्लास्टिकच्या पातीनं खरवडून काढायला तास जातो. तो तास कुणी दिला नाही की काच दर खेपेला गोंदाला थांबते. उभे ओरखडे असलेली काच पाहिली की बुडाच्या पट्टीत खडे आहेत हे नक्की, आणि पिवळी कड पाहिली की गोंद. त्या म्हातारीच्या काचेवर दोन्ही होतं.

नव्या गाड्यांत एक वेगळीच गंमत नव्हे, पंचाईत दिसते. एकदा दाबलं की आपोआप वर जाणारी काच अर्ध्यात पोचून स्वतःच खाली येते. माणसं घाबरतात. तिच्यात लेकराचं बोट किंवा मान अडकू नये म्हणून अडथळा जाणवताच उलट फिरायची सोय असते, आणि मातीनं घट्ट झालेलं रबर तिला अडथळाच वाटतं. इथंही स्वच्छ करणं हाच इलाज. बॅटरी काढून बसवल्यावर ही आपोआपची चाल विसरली जाते. मग काच पूर्ण खाली नेऊन खटका काही सेकंद धरून ठेवायचा, पूर्ण वर नेऊन तसाच धरायचा. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते. ज्या काचांना ही सोय नाही त्या अडथळ्याला थांबत नाहीत. लेकरं मागं असतील तर ते लॉक बटण दाबलेलंच बरं, आणि उतरताना किल्ली खिशात.

आणि पाणी. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी परंड्याकडच्या गावांत घुसलं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दारात गाळ शिरतो, बुडातली भोकं बुजतात आणि पाणी निघून गेलं तरी दाराच्या पोटात राहतं. अशा दाराचा खटका लगेच दाबू नये. पॅड उघडून, स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन, भोकं काडीनं मोकळी करून, कपलरवरचा हिरवा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरनं काढून, दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवून मगच बॅटरी जोडावी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये, पण वाहून जाण्याची वेळ आलीच तर पहिलं काम काच खाली. गाडी तरंगतेय तोवर खटका चालण्याची आशा असते. पाणी दारापर्यंत चढलं की दार उघडत नाही. समोरची काच फुटून मोकळी होत नाही, बहुतेक गाड्यांत बाजूची होते, आणि तीही कोपऱ्यात टोकदार हातोडीनं मारली तर. अशी हातोडी गाडीत हाताशी हवी, डिकीत नव्हे.

रसवंतीच्या त्या माणसाकडं परत परत लक्ष जातं. चरकाला घुंगरू बांधलेले, ऊस आत जाताना त्यांची लय धावती. मध्येच जाडजूड कांडं आलं, इंजिनाचा आवाज बसला, घुंगरू मंदावले. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. हातानंच ऊस वितभर मागं घेतला, लय परत आली, मग तोच ऊस सावकाश पुढं सारला. चार हातांवर, त्याच क्षणी, एक दरवाजा तसाच बसका आवाज काढत होता.

तिथं सगळं होतं. चरकाशेजारी पाण्याचा पिंप होता, रसवाल्याच्या खांद्यावर ओलं फडकं होतं. सावली होती. खटका दहा-पंधरा मिनिटं सोडून मोटर निवू दिली असती, तोवर काचेचा जेवढा भाग उघडा होता तेवढ्या चॅनलमधली माती ओल्या फडक्यानं काढली असती, आणि मग एकानं खटका धरून दुसऱ्यानं काच आतून-बाहेरून दोन्ही तळव्यांत धरून सरळ वर रेटली असती तर ती चार बोटं बहुधा मिटली असती. एकदा वर गेली की वर्म गिअर तिला धरून ठेवतो. काच कोणत्या बाजूला झुकतेय ते बघायचं आणि तळवा त्या बाजूला थोडा जास्त दाबायचा. मशीनच मोडली असती तरी काच हातानं ओढून, टायरच्या ट्यूबचा तुकडा दुमडून काच आणि आतल्या पट्टीमध्ये ठासला की गाव येईपर्यंत ती राहते.

गाडी वळून हायवेला लागली तेव्हा वाऱ्यानं पुठ्ठा आत पडला. मागच्या सीटवरून हात वर आला, बांगड्यांचा हात. त्या बाईनं आपल्या लुगड्याच्या पदराचं टोक काढलं, दोनदा दुमडलं आणि काचेच्या वरच्या फटीत बोटांनी नीट, कडेकडेनं, खोचत गेली.